आजारी वडिलांच्या खाटेपाशी



नाताळ जवळ आला आहे. घराघरांवर तारे लागले आहेत. मुलांनी गोठ्यासाठी पेंढा आणि माती गोळा केली आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेली माणसे सुट्टीवर घरी येऊ लागली आहेत. परंतु दरवर्षी याच दिवसांत आपल्या धर्मग्रामातील काही घरांत सणाची तयारी अर्धवट राहते, कारण घरचे वडील किंवा आई रुग्णालयात असते. सणामुळे सगळी भावंडे एकत्र येतात, आणि एरवी अंतरामुळे झाकले गेलेले जुने वादही त्यांच्याबरोबर येतात. आजच्या पाठात आपण या प्रसंगाचा विचार करू या.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या आठवड्यात मी एका वयस्कर गृहस्थांना कम्युनियन द्यायला रुग्णालयात गेलो होतो. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) थोरला मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आखातातून आलेला धाकटा खिडकीपाशी होता. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचे ते बहिणीमार्फत. "त्याला सांग, बिल मी भरलंय." "त्याला विचार, पाच वर्षं वाडीचं उत्पन्न कुणी खाल्लं?" आठ दिवस तिथेच बसलेली ती बहीण मान खाली घालून गप्प होती. वडील डोळे मिटून पडले होते.

मुले चहाला खाली गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "फादर, पोरांना वाटतं मला झोप लागलीय. मी झोपलेला नसतो. डोळे मिटून घेतले की मला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही."

ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

१. चौथी आज्ञा कोणासाठी?

"आपल्या आईवडिलांचा मान राख" ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणी पाठ केली. त्यामुळे ती लहान मुलांसाठीच आहे, असा आपला समज होतो. खरे तर तिचा भार मोठ्यांवर अधिक आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक श्रद्धेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की मुले मोठी होऊन स्वतंत्र झाली की आज्ञाधारकपणाचे बंधन संपते, पण आदराचे बंधन कधीच संपत नाही (क्र. २२१७). वार्धक्यात, आजारपणात आणि एकाकीपणात आईवडिलांना शक्य तेवढा भौतिक आणि मानसिक आधार देणे ही मोठ्या मुलांची जबाबदारी आहे (क्र. २२१८). त्याच्या पुढचाच परिच्छेद महत्त्वाचा आहे. आईवडिलांविषयीच्या आदराचा संबंध भावाबहिणींच्या आपसांतील नात्याशीही आहे, असे तो सांगतो (क्र. २२१९). म्हणजे वडिलांना मान द्यायचा आणि भावाशी वैर धरायचे, हे दोन्ही एकत्र नीट बसत नाही.

प्रभू येशूने या आज्ञेबाबत परुश्यांना कडक शब्दांत सुनावले (मार्क ७:९-१३). त्या काळी आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे जाहीर केले की आईवडिलांना त्यातून मदत करण्याचे बंधन उरत नसे. देवाचे नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडली जाई. आपल्यालाही आपापले कुर्बान असते. कोणी म्हणतो, "मी पैसे पाठवतो, बसायला वेळ नाही." कोणी म्हणतो, "वाटणीत मला कमी मिळाले, आता ज्याला जास्त मिळाले त्याने बघावे."

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात मातापित्यांविषयीच्या कर्तव्यावर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे (भाग २-२, प्रश्न १०१). ते म्हणतात, आदर आणि सेवा हे आईवडिलांचे नेहमीचे देणे. शिवाय प्रसंगानुसार येणारे देणे वेगळे. वडील गरीब असतील तर त्यांना पोसावे, आजारी असतील तर त्यांना भेटावे आणि उपचारांची काळजी घ्यावी. येथे भेटणेही आहे आणि उपचारांची व्यवस्थाही आहे. आपल्या घरांत ही कामे वाटली जातात. एक पैसा उभा करतो, दुसरा उशाशी बसतो, आणि मग प्रत्येकाला वाटते की खरे काम माझेच. वास्तविक ती एकाच ऋणाची दोन अंगे आहेत.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने फार पूर्वी लिहून ठेवले आहे की आईवडिलांचे ऋण मुलाला पुरते फेडता येत नाही. हे जर खरे असेल, तर त्यातून एक गोष्ट आपोआप निघते. ज्याचे स्वतःचे कर्ज कधीच फिटणार नाही, त्याने आपल्या भावाला "मी फेडले, तू बाकी आहेस" असे म्हणू नये. त्या खाटेभोवती आपण सगळेच देणेकरी आहोत.

२. बायबलमधील दोन खाटा

उत्पत्तीच्या पुस्तकात दोन वृद्ध पित्यांच्या खाटा आपल्याला दिसतात.

पहिली इसहाकाची (अध्याय २७). त्याची दृष्टी गेली होती. आपले मरण जवळ आले असे त्याला वाटत होते. थोरला एसाव शिकारीला गेला असता धाकटा याकोब आईच्या सांगण्यावरून बकऱ्यांची कातडी हातांना बांधून, एसावाचे कपडे घालून बापापुढे गेला आणि थोरल्याचा आशीर्वाद घेऊन बसला. आंधळ्या बापाला आवाज ओळखू आला होता, पण हाताने फसवले. पुढे काय झाले? एसावाने भावाला ठार मारण्याचे ठरवले. याकोबाला घर सोडून पळावे लागले आणि लाबानाकडे वीस वर्षे काढावी लागली. त्यानंतर रिबेकाची आपल्या लाडक्या मुलाशी भेट झाल्याचा उल्लेख बायबलमध्ये नाही. आणि ज्याच्या मरणाची एवढी घाई झाली होती तो इसहाक याकोब परत येईपर्यंत जिवंत होता!

आजारी माणसाच्या हाताला धरून अंगठा घेणे, ग्लानीत असताना सही घेणे, "बाबा मला म्हणाले होते" असे इतरांच्या पाठीमागे सांगणे, ही सगळी बकऱ्यांची कातडी आहेत. त्याने मिळवलेली जागा कदाचित हाती राहील, घर मात्र तुटते.

दुसरी खाट याच याकोबाची, तो म्हातारा झाल्यावरची (अध्याय ४८ ते ५०). त्याच्या मुलांतही वैर कमी नव्हते. भावांनी योसेफाला विकले होते, आणि बापाने एकाचेच लाड केले हे त्याचे एक कारण होते. तोच योसेफ मिसर देशात मोठ्या पदावर असताना त्याला निरोप मिळाला की वडील आजारी आहेत. तो आपल्या दोन मुलांना घेऊन वडिलांकडे गेला. मुलगा आला हे कळताच याकोब बळ एकवटून खाटेवर उठून बसला. या भेटीत योसेफाने जुना हिशेब काढला असे कुठेही लिहिलेले नाही. वडील वारल्यावर भावांना भीती वाटली की आता हा सूड घेईल. तेव्हा योसेफ रडला. मी काय देवाच्या जागी आहे का, असे त्याने त्यांना विचारले आणि त्यांना धीर दिला.

योसेफाने घडलेला अन्याय नाकारला नाही. तुम्ही माझे वाईट योजले होते, हे त्याने स्पष्ट म्हटले. पण न्यायनिवाड्याची जागा वडिलांची खाट नव्हे, हे त्याला ठाऊक होते.

३. वाद कुठे ठेवायचा?

भावंडांतले वाद खोटे असतात असे मी म्हणत नाही. कधीकधी खरोखर अन्याय झालेला असतो. तो बोलावा, वडीलधाऱ्यांसमोर मांडावा, लागल्यास कायद्याची मदत घ्यावी. मात्र त्याला वेगळा दिवस आणि वेगळी जागा असावी. रुग्णालयात असेपर्यंत काही साधे नियम पाळता येतील:

डॉक्टरांशी बोलायला घरातील एकच माणूस ठरवावा आणि त्याने ऐकलेले सर्वांना त्याच दिवशी सारखेच सांगावे. परदेशी असलेल्यांनाही.

खर्चाची एक वही ठेवावी. कोणी किती दिले ते लिहावे. वहीमुळे संशय कमी होतो. वय सत्तर किंवा अधिक असल्यास, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्याची चौकशी आधीच करावी.

रात्री बसण्याच्या पाळ्या लावाव्यात. बहीण किंवा सून आहे म्हणून तिनेच बसावे, असे चौथी आज्ञा सांगत नाही. जो दूर आहे त्याने सुट्टीत येऊन फोनवरून दिलेल्या सल्ल्यांऐवजी दोन रात्री द्याव्यात.

खाटेपाशी जमिनीचा, बँकेचा आणि सहीचा विषय काढू नये. आजाऱ्याला स्वतःहून काही लिहून ठेवायचे असेल तर ते शुद्धीवर असताना, सगळ्यांना माहीत असताना व्हावे.

उपचारांचा निर्णय शक्यतो आजाऱ्याला विचारून घ्यावा. अपेक्षित फायद्याच्या मानाने फार त्रासदायक आणि असाधारण ठरणारे उपचार थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे, असे ख्रिस्तसभा शिकवते (धर्मशिक्षण ग्रंथ, क्र. २२७८). हे ठाऊक नसल्यामुळे भावंडे एकमेकांवर "तूच बाबांना मारलेस" असा भयंकर आरोप करतात.

४. ज्यांना वडिलांनीच दुखावले

काही जण मनात म्हणत असतील, "फादर, तुम्हाला आमचे वडील माहीत नाहीत." कोणाचे वडील दारू प्यायचे, कोणी आईला मारले, कोणी एकालाच सगळे दिले. अशा मुलाला मी एवढेच सांगेन: तुमची जखम खरी आहे आणि ती खोटी ठरवायला देव सांगत नाही. क्षमेला वेळ लागतो. पण सेवा आजच करता येते, मन तयार नसले तरीही. पाण्याचा पेला ओठांना लावायला मनातली सगळी गाठ सुटलेली असावी लागत नाही. पवित्र कुटुंबाच्या सणासाठी नेमलेल्या वाचनांत बेनसिराच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय येतो. वृद्ध पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, त्याला तुच्छ लेखू नये, असे तो सांगतो. लायक पित्यालाच सांभाळा, अशी अट त्यात घातलेली नाही.

५. नाताळची रात्र रुग्णालयात

जे आजाऱ्याजवळ असल्यामुळे नाताळच्या मिस्साला येऊ शकणार नाहीत, त्यांनी मनात अपराधी भाव ठेवू नये. आजाऱ्याची शुश्रूषा करण्यासाठी मिस्सा चुकणे हे पाप नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना कम्युनियनच्या आधीच्या एक तासाच्या उपवासाचीही सूट आहे (कलम ९१९). शुश्रूषा करणाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, हे लक्षात घ्या.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. गंभीर आजार सुरू झाला की, मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी, किंवा वार्धक्याने फार अशक्तपणा आला की तो घेता येतो, आणि आजार वाढल्यास पुन्हाही घेता येतो. आजारी माणूस शुद्धीवर असताना, सगळी मुले भोवती उभी असताना तो झाला तर त्याचे बळ आजाऱ्याला आणि घरालाही मिळते. फादर आले की बाबा घाबरतील, असे म्हणू नका. बहुधा बाबा वाटच पाहत असतात.

बेथलेहेमात मरिया आणि योसेफ यांनाही आपले घर सोडून परक्या ठिकाणी ती रात्र काढावी लागली. तुमचा वॉर्ड हा यंदाचा गोठा समजा.

त्या दोन भावांना मी त्या दिवशी जिन्यात गाठून इतकेच सांगितले, "तुमचे वडील झोपलेले नसतात." दोघेही बराच वेळ बोलले नाहीत. वाडीचा वाद मिटायला पुढे बरीच वर्षे लागली. पण नाताळच्या रात्री बहिणीला घरी झोपायला पाठवून दोघे खाटेच्या दोन बाजूंना बसले होते, आणि त्या रात्री वडिलांनी डोळे उघडे ठेवले होते, असे परिचारिकेने मला सांगितले.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आईवडिलांच्या सेवेतून सुटण्यासाठी माझे कुर्बान कोणते?
२. आमच्या घरी शुश्रूषेचा सर्वांत जास्त भार कोणावर आहे? मी तिचे किंवा त्याचे आभार कधी मानले?
३. आईवडिलांसमोर कोणता विषय काढायचा नाही, हे आम्ही भावंडे एकत्र ठरवू शकतो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, वधस्तंभावर वेदना सोसत असतानाही तू आपल्या आईची काळजी केलीस आणि तिला तुझ्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवलेस. रुग्णालयांत असलेल्या आमच्या आईवडिलांना धीर दे. त्यांच्याजवळ जागणाऱ्यांना बळ दे. आम्हा भावंडांच्या मनांतील कटुता दूर कर, म्हणजे आमच्या आईवडिलांना आमच्यामुळे डोळे मिटून पडावे लागणार नाही. आमेन.

आपल्या घरी किंवा रुग्णालयात कोणी आजारी असल्यास नाताळपूर्वी धर्मग्राम कार्यालयात जरूर कळवा. मी भेटीला येईन.

ख्रिस्तात आपला,
धर्मग्रामाचे फादर