टेनिसचा चेंडू कसा पारखावा?

अहेरीच्या परिसरात टेनिसचे मैदान शोधू लागलात तर बरीच पायपीट करावी लागेल. टेनिसचा चेंडू मात्र गावोगाव सापडतो. धानाची कापणी झाली, बांध्या कोरड्या पडल्या की मुले त्याच चेंडूने क्रिकेट खेळू लागतात. सामन्यात चेंडू कोणता घ्यायचा यावरून दोन संघांत वादही होतो. शाळेत क्रीडासाहित्याची रक्कम तुटपुंजी असते; तेव्हा कोणता चेंडू विकत घ्यावा आणि कोणता टाकून द्यावा, हा प्रश्न क्रीडाशिक्षकांपुढेही असतोच. बहुतेक जण तो चेंडू अंगठ्याने दाबून सोडवतात. ही परीक्षा फसवी आहे. का, ते पाहू.

टेनिसचा चेंडू म्हणजे रबराचे दोन पोकळ अर्धगोल सांधून केलेले कवच आणि त्यावर डकवलेले लोकर व नायलॉनचे लवदार कापड. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाबाची हवा कोंडलेली असते. म्हणजे आत एकूण दोन वातावरणे दाब झाला. हे चेंडू हवाबंद डब्यातून येतात. दुसऱ्यात आत-बाहेर दाब जवळजवळ सारखाच असतो, पण कवच जाड असते आणि उसळी त्या रबरातूनच येते. अंगठ्याला दोन्ही सारखेच टणक लागू शकतात. शिवाय दाबणाऱ्याचा अंगठा पैलवानाचा की पहिलीतल्या मुलाचा, हाही प्रश्न आहेच!

आंतरराष्ट्रीय नियमांतील कसोटी अगदी साधी आहे. चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटसारख्या कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडायचा. तो किमान १३५ आणि कमाल १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. (२५४ हा आकडा चमत्कारिक वाटेल, पण ते बरोबर १०० इंच होतात.) नेहमीच्या चेंडूचे वजन ५६.० ते ५९.४ ग्रॅम असावे लागते.

ही चाचणी शाळेच्या व्हरांड्यात करता येते. भिंतीवर खडूने दर ५ सेंटिमीटरला रेघ ओढा. एकाने स्टुलावर उभे राहून चेंडू नुसता सोडावा, ढकलू नये. दुसऱ्याने जिथपर्यंत चेंडू उसळेल त्याच उंचीवर डोळा ठेवून, चेंडूचा तळ कोणत्या रेघेपर्यंत आला ते टिपावे. डोळा वर किंवा खाली असला तर मोजमाप चुकते. पाच वेळा मोजून सरासरी काढा. शेणाने सारवलेल्या अंगणात ही चाचणी करू नका; तिथली जमीनही थोडी दबते आणि चेंडूची ऊर्जा खाते. स्टूल ठेंगणे असेल तर २ मीटरवरून सोडा. मग सुमारे १०६ ते ११६ सेंटिमीटर उसळी हवी. मात्र आपटण्याचा वेग कमी असला की उसळीचे प्रमाण किंचित वाढते, म्हणून ही कसोटी जराशी सैल समजावी.

२५४ वरून पडणारा चेंडू सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. तो १४० पर्यंत उसळला तर त्याची ५५ टक्के ऊर्जा परत मिळाली. उरलेली ४५ टक्के कुठे गेली? ती मुख्यतः रबर वाकण्यात आणि सरळ होण्यात उष्णतेच्या रूपाने खर्च झाली. कोंडलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते व जवळजवळ सगळी ऊर्जा परत करते. म्हणून हवेचा वाटा जितका जास्त, तितकी उसळी चांगली.

पण ही हवा टिकत नाही. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. त्यांच्या फटींतून वायूचे रेणू हळूहळू बाहेर झिरपतात. डबा उघडला, की काही आठवड्यांत न खेळताही चेंडू मलूल होतो. बंद डब्यात तो टिकतो, कारण डब्यातही तितकाच दाब असतो. पण एकदा ‘फुस्स’ आवाज झाला की वरून प्लॅस्टिकचे झाकण लावून काहीच साधत नाही. यावरूनच लक्षात येईल की दाबयुक्त चेंडू दुकानातून सुटे घेणे म्हणजे शिळी भाकरी ताज्या भावात घेणे होय. शाळेच्या क्रिकेटसाठी, माझ्या मते, बिनदाबाचे चेंडूच परवडतात.

आता हवामान. हिवाळ्यात इथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. नियमातली चाचणी २० अंश सेल्सियसला करतात. विम्बल्डनला तर चेंडू याच तापमानाला शीतपेटीत ठेवलेले असतात. आपले गणित करू. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन, ४५ अंश म्हणजे ३१८. चेंडूचे आकारमान तेच धरले, तर आतला एकूण २ वातावरणे दाब २ × ३१८ ÷ २९३ = २.१७ होतो. म्हणजे बाहेरच्यापेक्षा जादा असलेला दाब १ वरून १.१७ झाला, तब्बल १७ टक्के वाढ! ऊन खाल्लेला चेंडू म्हणूनच जास्त उड्या मारतो. जानेवारीतल्या सकाळी ‘मेला’ म्हणून टाकलेला चेंडू दुपारी जिवंत होतो, तो याच कारणाने. वेगवेगळ्या दिवशी मोजलेल्या उसळींची तुलना करायची तर तापमान लिहून ठेवलेच पाहिजे. आणि उष्णतेने वायू अधिक वेगाने झिरपतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत चेंडूंचा साठा ठेवू नये.

पावसाळ्यात कापड पाणी शोषते. किराणा दुकानातल्या तराजूवर कोरडा चेंडू तोला, मग भिजवून तोला. फरक डोळ्यांनीच दिसेल. ओला चेंडू सावलीत वाळवावा. कडक उन्हात रबर लवकर जुनाट होऊन तडकते. लव झिजून गुळगुळीत झालेल्या चेंडूला हवेचा विरोध कमी होतो, त्यामुळे तो अनपेक्षित वेगाने येतो. चष्मा लावणाऱ्या यष्टिरक्षकाने हे ध्यानात ठेवावे.

क्रिकेटसाठी म्हणून विकले जाणारे जड चेंडू वरच्या नियमात बसत नाहीत. त्यांच्यासाठी खरेदीच्या दिवशीच उसळी, वजन आणि तापमान वहीत लिहा, चेंडूवर शाईने क्रमांक घाला आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. उसळी पहिल्या नोंदीच्या दहाव्या हिश्शाने उतरली की तो चेंडू सामन्यातून काढून सरावाला द्यावा. सरावातही फुटला तर शिक्षकांकडून करवतीने मधोमध कापून घ्या आणि कवचाची जाडी मोजा. दोन्ही प्रकारचे चेंडू मिळाले तर अंगठ्याला न कळलेला फरक पट्टीवर दिसेल.