संगणक तापतो तेव्हा

जो राबतो तो तापतो. उन्हात नांगर धरणाऱ्या माणसाला घाम येतो. विहिरीत सोडलेली मोटर पाणी आटल्यावर कोरडीच फिरत राहिली, तर ती जळते. कारण ते पाणीच तिला थंड ठेवत असते. संगणकाचेही तसेच आहे. मोटरीला पाणी थंड ठेवते, संगणकाला वारा. वारा कोंडला की संगणक आजारी पडतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्हाला काय करायचंय संगणकाशी?" पण मंडळी, सातबाराचा उतारा संगणकातून निघतो. उत्पन्नाचा दाखला आणि पीकविम्याचा अर्जही तिथेच होतो. संगणक बंद पडला तर खोळंबा आपलाच होतो.

आपल्या शिराळा तालुक्याच्या कडेने वारणा नदी वाहते. पलीकडे वारणानगर. त्या भागात 1998 साली एक योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावे संगणकाने जोडायची, असे ठरले. ऊस किती भरला, बिल किती झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागले. पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले. जुने संगणक चालते ठेवणे खर्चाचे होते, हे त्याचे एक कारण. यंत्र आणणे सोपे, सांभाळणे अवघड. म्हणून हा धडा.

संगणक का तापतो?

संगणकात प्रोसेसर नावाची एक चपटी चकती असते. सगळा हिशेब तीच करते. तिच्यातून वीज वाहते, म्हणून ती तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात. चकतीची उष्णता ठोकळा ओढून घेतो. ठोकळ्यावरचा पंखा ती उष्णता बाहेर घालवतो. चकती आणि ठोकळा यांच्यात बारीक फट राहू नये, म्हणून मध्ये एक लेप लावतात. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात.

आता पाहा. उसाच्या गाड्यांची धूळ आत जाते. चुलीचा धूर जातो. पात्यांच्या फटी बुजतात. चार-पाच वर्षांत लेपही वाळतो. मग उष्णता आतच कोंडते. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले, की आपण होऊन वेग कमी करतात. म्हणजे पाणी उकळते तेवढी ही उष्णता! तरीही ती हटली नाही, तर संगणक स्वतःला बंद करतो. हा त्याचा रुसवा नव्हे, हा त्याचा बचाव आहे.

कसे ओळखावे?

पंखा मोठ्याने घोंघावतो. काम हळू होते. संगणक अचानक बंद पडतो, थोड्या वेळाने चालू होतो आणि पुन्हा बंद पडतो. मात्र बंद पडला म्हणजे तापलाच, असे नाही. आधी वायर सैल आहे का, वीज नीट येते का, हे बघावे.

पुष्कळदा खोलण्याची गरजच नसते. संगणक भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवू नका. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका, पाटावर ठेवा. गोधडीने त्याचे खालचे श्वास घेण्याचे भोक बुजते.

शिकाऊ हाताच्या चुका

समजा, पीकविम्याची शेवटची तारीख आहे. केंद्रात रांग लागली आहे. एक म्हातारी सकाळपासून बसून आहे. तेवढ्यात संगणक बंद पडतो. केंद्रातला पोरगा हुशार आहे, पण घाईत आहे. तो पेचकस घेऊन लगेच झाकण उघडतो. इथेच घात होतो. अशा वेळी काय चुकते, ते एकेक पाहू.

पहिली चूक : वीज न काढता हात घालणे. नुसते बटन बंद करून भागत नाही. प्लग काढावा. मग सुरूचे बटन एकदा दाबून सोडावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

दुसरी चूक : अंगातली वीज विसरणे. थंडीत नायलॉनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो ना? तीच वीज बोटातून नाजूक भागात गेली, तर तो भाग मरतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा.

तिसरी चूक : ओले फडके किंवा तोंडाची फुंकर. फुंकरीत थुंकी असते. कोरडा मऊ ब्रश घ्यावा. हवा मारायची असेल, तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर पंखा गरगर फिरून बिघडतो.

चौथी चूक : ठोकळा उपटणे. वाळलेला लेप डिंकासारखा धरतो. ठोकळा एकदम ओढला, तर काही संगणकांत प्रोसेसरही वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सैल करावा.

पाचवी चूक : लेप फार लावणे. जास्त लावला म्हणजे जास्त थंड, असे नाही. जुना लेप पुसून काढावा. नवा वाटाण्याच्या दाण्याएवढा पुरे. टूथपेस्ट किंवा व्हॅसलिन लावू नये. नवा ठोकळा असेल, तर त्याच्या बुडाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आधी काढावा.

सहावी चूक : पंख्याची वायर जोडायला विसरणे. सगळे स्क्रू घट्ट बसले, पण पंखा फिरेना! म्हणून खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. स्क्रू एका वाटीत ठेवावेत. झाकण लावण्यापूर्वी संगणक सुरू करून पंखा फिरतो का, ते पाहावे. त्या वेळी आत हात घालू नये.

दोन गोष्टी मात्र उघडायच्याच नाहीत. एक, वीज पुरवणारी बंद पेटी, म्हणजे एसएमपीएस. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज काही काळ साठून राहते. दुसरी, लॅपटॉपची फुगलेली बॅटरी. तिला टोचू नये, दाबू नये. ती पेट घेते. ही कामे जाणत्या कारागिराकडेच न्यावीत.

त्या पोराने काय करायला हवे होते? प्लग काढायचा. अर्धा तास संगणक निवू द्यायचा. म्हातारीला सांगायचे, "आजी, थोडं थांबा, नाहीतर शेजारच्या केंद्रात चला, मी फोन करतो." संगणक पुन्हा चालू झाला, की आधी लोकांचे कागद दुसरीकडे उतरवून ठेवायचे. खोलण्याचे काम रात्री, निवांत. यंत्र नवे आणता येते, गेलेली तारीख परत येत नाही.

प्रश्न
1. संगणकाला थंड कोण ठेवते?
2. थर्मल पेस्ट किती लावावी?
3. कोणत्या दोन गोष्टी आपण उघडू नयेत? का?
4. तुमच्या ग्रामपंचायतीतला संगणक भिंतीला टेकला आहे का? बघून या आणि वर्गात सांगा.