आंबोलीला बदली झाली, घर कसं निवडू?

प्रश्न : जूनमध्ये आंबोलीच्या शाखेत रुजू व्हायचंय. गावाबाहेर एक कौलारू घर भाड्याने मिळतंय. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे. घेऊ का?

उत्तर : घ्या, पण सामान मे महिन्यातच हलवा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. घरात शिरलात की आधी पश्चिमेची भिंत पाहा. आडवा पाऊस तिलाच झोडपतो. खाली पोपडे सुटलेत? मग मालकाकडून पत्र्याचा आडोसा आणि कौलं शाकारून घ्या, तेही ॲडव्हान्स देण्याआधी. भिंतीला नुकताच रंग दिला असेल तर जास्तच संशय घ्या!

भुशाच्या फळ्यांचं फर्निचर आणू नका, ते ओल धरून फुगतं. चूल असलेलं स्वयंपाकघर मिळालं तर सोडू नका. जुलैत कपडे तिच्यावरच वाळतात. मोबाईलची रेंज अंगणात नव्हे, आतल्या खोलीत तपासा.

सावंतवाडी घाटाखाली सुमारे ३० किलोमीटरवर आहे. दरड कोसळली की रस्ता अडतो, म्हणून मुलीची नेहमीची औषधं महिनाभराची ठेवा. जळवांचं फार मनावर घेऊ नका. साप मात्र आहेत, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका.