मुद्दल राखील तोच व्यापारी

‘पर्यावरण’ हा शब्द दिसला की आमचे बरेच व्यापारी बंधू पान उलटतात. हा विषय सरकारचा, नाहीतर कॉलेजातल्या मंडळींचा, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक हा सरळ हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब दुकानदाराला कोणी शिकवायला नको. या लेखात आम्ही त्यातल्या चार मूळ कल्पना मालवण किनाऱ्याच्या आणि आमच्या कापड धंद्याच्या उदाहरणांवरून मांडत आहोत.

१) नफा खावा, मुद्दल खाऊ नये

नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाला एक अहवाल दिला. ‘शाश्वत विकास’ हा शब्द त्यातूनच जगभर गेला. त्याचा सारांश असा की, आजच्या पिढीने आपल्या गरजा जरूर भागवाव्यात, पण पुढच्या पिढीला आपल्या गरजा भागवता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे. व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की नफ्यावर घर चालवावे आणि मुद्दलाला हात लावू नये.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १३ एप्रिल १९८७ रोजी, मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. दर्यात अंडी घालण्याजोगी मासळी शिल्लक राहते ते मुद्दल, आणि दरसाल तिची जी वाढ होते तो नफा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती हे मुद्दल वाढावे म्हणूनच. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. बांगडा १४० मिलिमीटर, पापलेट १३५, सुरमई ३७०. याहून लहान मासळी पकडणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय. त्या दिवशी पोट भरते, पण पुढच्या हंगामाला हात रिकामे राहतात.

२) हत्यार असे असावे की नको ते सुटून जाईल

हा मुद्दा शिंपी आणि कापडवाले बंधू चटकन ओळखतील. उरेब कापलेले कापड लांबीला ओढले की ते ताणते आणि रुंदीला आकसते. उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापलेले कापड तसे आकसत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याचे असेच आहे. त्याच्या टोकाला मासळी साठण्याची जी पिशवी असते, तिची आस बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराची असते. ओढ बसली की ती उरेब कापडासारखी मिटते आणि बोटभर पिल्लेही आत अडकतात. तीच आस चौकोनी ठेवली तर ओढ बसूनही उघडी राहते. मोठी मासळी आत राहते आणि पिल्ले बाहेर पडतात.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो किनारी प्रकल्प झाला, त्यात अशा ४० मिलिमीटर चौकोनी आसाच्या पिशव्यांचा प्रसार करण्यात आला. सूत तेच, विणणारे हातही तेच, फक्त आसाची दिशा बदलली. कारागिरांनी हे ध्यानात घ्यावे. जबाबदार व्यवसाय म्हणजे दर वेळी महागडे यंत्र आणणे नव्हे. पुष्कळदा तो कापण्या-विणण्याच्या पद्धतीतला लहानसा फरक असतो.

याच किनाऱ्यावर रापणकर आणि पर्ससीनवाले यांचा तंटा वर्षानुवर्षे चालू आहे. रापण किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढली जाते आणि मिळकतीची वाटणी होते. पर्ससीन जाळे मात्र मासळीच्या आख्ख्या थव्याला घेरून खालून आवळते. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने शासनाने नवे पर्ससीन परवाने थांबवले आणि त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. पर्ससीनवाल्यांच्या डोक्यावरही कर्ज असते, हे आम्ही जाणतो. पण दर्या ही सर्वांची अमानत आहे. एकाच्या जाळ्याने दहांच्या चुली थंडावत असतील तर मर्यादा घालणे भाग आहे.

कोणी विचारील, कापडवाल्याला याचे काय? त्याने आपली उधारीची वही उघडून पाहावी. मालवण, आचरे, देवगड, वेंगुर्ले, कोठेही जा. मासळीचा हंगाम फसला की चतुर्थीची आणि ईदची खरेदी आटते, वसुली तुंबते, शिंप्याचे मशीन रिकामे बसते. दर्याचे मुद्दल गेले तर आमच्या गल्ल्यातलेही जाते.

३) आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारू नये

मालाच्या किमतीत सूत, मजुरी, भाडे सर्व धरले जाते. पण रंगाचे घाण पाणी नदीत सोडले तर तो खर्च कोणाच्या खात्यात पडतो? खालच्या गावातल्या शेतकऱ्याच्या. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या पाण्याने नोय्यल नदी नासली आणि ओरत्तुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी झाले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. होजियरीच्या या मोठ्या पेठेत रंगाईच अडली. जो खर्च वाचला असे वाटत होते, तो व्याजासकट परत आला.

त्याआधी १९९६ साली, तमिळनाडूतल्याच वेल्लोरच्या चामडे कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग आहे. कारखाना लहान आहे, घरगुती आहे, ही सबब तेव्हापासून लंगडी पडली आहे.

माल विकल्यावर आणि वापरून झाल्यावर त्याचे काय होते, हेही याच हिशेबात येते. पूर्वीचे सुती जाळे हरवले तर कुजून जाई. नायलॉनचे जाळे हरवले तर दर्यात पडल्या पडल्याही मासळी आणि कासवे अडकवीत राहते. टिकाऊपणा हा गुण खरा, पण टाकून दिलेल्या वस्तूत तोच दोष ठरतो.

४) जसे नाव तसा माल

आज पुष्कळ दुकानांत ‘कापडी पिशवी’ म्हणून जी रंगीत, हलकी पिशवी दिली जाते ती कापड नसतेच. ती नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. परीक्षा सोपी आहे. एक तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन राख होते. प्लास्टिक असेल तर वितळून कडक गोळी होते. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. पुढे ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांवर देशभर बंदी आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

मालावर ‘पर्यावरणपूरक’ असे छापून खोटी प्रतिष्ठा मिळवणाऱ्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. दावा केला तर पुरावा हवा. पॉलिएस्टर मिसळलेला तागा शुद्ध सुती म्हणून विकणे जेवढे गैर, तेवढेच हेही गैर आहे.

आता करण्याजोग्या गोष्टी :

• दुकानातले कटपीस आणि शिलाईतले तुकडे फेकू नयेत. त्यांच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. गरजू भगिनींना काम मिळते आणि पिशवीवर दुकानाचे नावही जाते.

• पिशवी फुकट न देता माफक किंमत लावावी. विकत घेतलेली वस्तू गिऱ्हाईक जपून वापरते.

• रंगवलेला माल घेताना रंगाईचे पाणी कोठे जाते हे घाऊक व्यापाऱ्याला विचारावे. पाच दुकानदारांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावे लागते.

• मासळी, काजू, कोकमाच्या धंद्यातल्या बंधूंनी लहान मासळीचा किंवा कोवळ्या मालाचा सौदा करू नये. घेणाराच नसेल तर पकडणाराही थांबतो.

• वर्षाच्या हिशेबात वीज, पाणी, वेष्टन आणि वाया गेलेला माल यांची वेगळी खाती ठेवावीत. खाते नसेल तर गळती दिसत नाही.

यातले कोणतेही काम मोठ्या भांडवलाचे नाही. मोठ्या कंपन्यांना आता असे अहवाल द्यावे लागतात आणि त्या आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडेही चौकशी करतात. जो छोटा व्यापारी आजपासून वही नीट ठेवील, त्याला त्या दिवशी धावपळ करावी लागणार नाही. मुख्य म्हणजे, आपल्या मुलांनी याच किनाऱ्यावर, याच बाजारात दुकान उघडावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याने त्यांच्यासाठी दुकानाबरोबर गिऱ्हाईकही शिल्लक ठेवले पाहिजे. दर्या आटला तर गिऱ्हाईक राहत नाही.