आज्ञावलीची बांधणी : विसरलेल्या पायरीवर उपाय

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व तिची मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन हंगामात, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. समजा, एखाद्या टोळीचा हिशेब संगणकावर ठेवला आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने दराच्या फाईलमध्ये नवा दर नोंदविला. परंतु फेरसंकलन करावयाचे राहून गेले. पावती जुन्याच दराने निघेल. लिहिलेला दर बरोबर, गुणाकार बरोबर, तरीही कष्टकऱ्याच्या हाती पैसे कमी!

अशी चूक टाळण्यासाठीच बांधणीची स्क्रिप्ट असते. मूळ फाईलींचे यंत्रभाषेत संकलन करणे, तयार भाग एकत्र जोडणे व चाचणी घेणे, या पायऱ्या स्मरणशक्तीवर न सोपविता त्यात लिहून ठेवलेल्या असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये यासाठी ‘मेक’ हे साधन तयार केले. त्यांच्या एका सहकाऱ्याचा वेळ आधीच दुरुस्त केलेला दोष शोधण्यात वाया गेला होता. फेरसंकलन तेवढे झाले नव्हते. त्यातून ही कल्पना सुचली.

‘मेक’च्या प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात : काय तयार करावयाचे, ते कशावर अवलंबून आहे आणि कोणत्या आज्ञेने तयार होते. भाकरीला पीठ लागते, पिठाला ज्वारी लागते. डब्यात ताजे पीठ असल्यास गृहिणी गिरणीत जात नाही. नवी ज्वारी आली तरच दळण काढते. ‘मेक’ हेच फाईलींच्या वेळा पाहून ठरविते. मूळ फाईल तयार फाईलपेक्षा नंतरची असेल, तरच ते काम पुन्हा होते. बाकीच्यांना हात लागत नाही.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ‘हिशेब’ हा भाग स्वतःच्या मूळ फाईलवर आणि दराच्या फाईलवरही अवलंबून आहे. नियमात दराचा उल्लेख राहिला, तर दर बदलूनही ‘मेक’ सारे अद्ययावत असल्याचे सांगेल. म्हणजे मूळची विसरलेली पायरी आता स्क्रिप्टमध्येच कायमची विसरली जाईल.

नवशिक्यांनी आणखी काही पथ्ये सांभाळावीत. आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबने करावा. मोकळ्या जागा देऊन चालत नाही. तयार फाईली पुसून सर्व बांधणी नव्याने करणारा एक नियम ठेवावा. स्वतःच्या संगणकावरील फोल्डरचा पत्ता स्क्रिप्टमध्ये घालू नये. अंबाजोगाईत लिहिलेली स्क्रिप्ट केजमध्येही चालली पाहिजे. शेवटची पायरी चाचणीची असावी : दहा टनांची मजुरी आधी कागदावर काढावी आणि आज्ञावलीचे उत्तर तिच्याशी न जुळल्यास बांधणी तेथेच थांबवावी.

‘मेक’ची ग्नू आवृत्ती विनामूल्य मिळते व साध्या संगणकावरही चालते. तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनी दोन-तीन फाईलींच्या लहान कामापासूनच स्क्रिप्ट लिहिण्याची सवय लावून घ्यावी. हिशेब लिहिणारा आणि ज्याचा हिशेब आहे तो, हे दोघे क्वचितच समोरासमोर येतात. पावतीवरचा आकडा हाच त्यांच्यातील दुवा; तो खरा राखण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.