अफूवर्गीय व्यसनाधीनतेवरील उपचार : संशोधन, खर्च आणि पोहोच

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्स) केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के, म्हणजे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा तत्सम वेदनाशामक औषधांचे सेवन करीत होते. त्यांपैकी सुमारे ७७ लाख व्यक्तींना उपचारांची गरज होती. मात्र बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० व्यक्तींपैकी केवळ एकीला रुग्णालयात किंवा केंद्रात दाखल होऊन उपचार मिळत असल्याचे याच पाहणीत दिसून आले.

या व्यसनावर परिणामकारक औषधे आज उपलब्ध आहेत आणि त्यांची शास्त्रीय कसोटीही झालेली आहे. असे असताना उपचार गरजूंपर्यंत का पोहोचत नाहीत, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा व लोकप्रशासनाचाही आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंचा परस्परसंबंध पाहावयाचा आहे.

मूलभूत संकल्पना

अफू, तिच्यापासून मिळणारे मॉर्फिन, मॉर्फिनपासून तयार होणारे हेरॉइन आणि प्रयोगशाळेत बनविलेली तत्सम औषधे यांना एकत्रितपणे अफूवर्गीय पदार्थ किंवा ओपिऑइड म्हणतात. मेंदूतील विशिष्ट ग्राहकस्थानांना चिकटून हे पदार्थ वेदना कमी करतात व सुखद गुंगी आणतात. नियमित सेवनाने शरीर त्यांना सरावते आणि तोच परिणाम मिळविण्यासाठी अधिक मात्रा लागते. यास ‘सहनशीलता’ म्हणतात.

सेवन एकाएकी थांबविल्यास दबलेली मज्जासंस्था उसळी घेते. नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, घाम, स्नायूंत तीव्र वेदना, जुलाब, निद्रानाश अशी लक्षणे दिसू लागतात. यांना विथड्रॉवलची लक्षणे म्हणतात. पुण्या-मुंबईतील व्यसनींच्या बोलीत यालाच ‘टर्की’ असे नाव आहे. हेरॉइनच्या बाबतीत ही लक्षणे साधारणतः ८ ते २४ तासांत सुरू होतात व ४ ते १० दिवस टिकतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. विथड्रॉवल ही काही दिवसांची शारीरिक अवस्था आहे, तर अवलंबित्व हा वारंवार उलटणारा दीर्घकालीन आजार आहे. पहिली अवस्था संपली म्हणजे दुसरा आजार बरा झाला, असे समजणे ही सामान्यतः होणारी चूक आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ किंवा ब्राउन शुगर या नावाने अशुद्ध हेरॉइन पसरले. डॉ. अनिल अवचट यांच्या या विषयावरील लेखमालेने महाराष्ट्राला या संकटाची जाणीव झाली. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यातील येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. समुपदेशन, समूहोपचार, कुटुंबाचा सहभाग आणि केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा यांवर या केंद्राने भर दिला. ‘टर्की’चे दिवस संपल्यावरच खरे काम सुरू होते, ही गोष्ट अशा केंद्रांतील कार्यकर्त्यांनी अनुभवाने जाणली. वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेने जातो.

संशोधनाची वाटचाल

१९६५ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी निस्वँडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन हे दीर्घकाळ परिणाम टिकणारे औषध रोज ठरावीक मात्रेत देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाची तलफ शमते, गुंगी येत नाही आणि तो कामधंदा करू शकतो, असे त्यांना आढळले. ‘पर्यायी औषधोपचारा’चा पाया येथे घातला गेला.

१९७८ मध्ये दोन महत्त्वाचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे क्लोनिडीन विथड्रॉवलची लक्षणे कमी करते, हे एकाने दाखविले. दुसऱ्याने ब्युप्रेनॉर्फीन हे वेदनाशामक व्यसनावरील उपचारासाठी उपयुक्त ठरेल, असे सुचविले. ब्युप्रेनॉर्फीन ग्राहकस्थानांना घट्ट चिकटते, परंतु त्यांना अंशतःच उत्तेजित करते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढविली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही आणि श्वसन मंदावण्याचा धोका तुलनेने कमी राहतो. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला.

भारतात १९९० च्या दशकात दिल्लीत ब्युप्रेनॉर्फीनचा वापर सुरू झाला. सुईवाटे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) या उपचाराचा समावेश करण्यात आला. पंजाब शासनाने २०१७ मध्ये बाह्यरुग्ण पद्धतीने हे औषध देणारी केंद्रे सुरू केली.

पुरावा काय सांगतो?

तीन अभ्यास विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावेत.

पहिला अभ्यास स्वीडनमधील असून तो २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हेरॉइनवर अवलंबून असलेल्या ४० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन समान गट करण्यात आले. एका गटास वर्षभर ब्युप्रेनॉर्फीन मिळाले. दुसऱ्यास ते केवळ सहा दिवस, उतरत्या मात्रेत, व नंतर औषधी घटक नसलेली गोळी मिळाली. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ७५ टक्के रुग्ण उपचारांत टिकून होते. दुसऱ्या गटातील एकही नव्हता. दुसऱ्या गटातील चार रुग्णांचा मृत्यू झाला.

दुसरा अभ्यास म्हणजे २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेले अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण. मेथाडोन घेत असताना दर १,००० व्यक्ति-वर्षांमागे मृत्यूंचे प्रमाण ११.३ होते, उपचार सुटल्यानंतर ते ३६.१ झाले. ब्युप्रेनॉर्फीनबाबत हेच आकडे अनुक्रमे ४.३ व ९.५ होते. औषध सोडल्यावर शरीराची सहनशीलता घटते आणि अशा वेळी जुन्याच मात्रेत घेतलेले हेरॉइन प्राणघातक ठरू शकते, हे या वाढीमागील एक प्रमुख कारण आहे.

तिसरा अभ्यास अमेरिकेतील ५७० रुग्णांचा असून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिन्यातून एकदा टोचावयाच्या नालट्रेक्झोनची ब्युप्रेनॉर्फीन-नॅलोक्झोन संयोगाशी तुलना होती. नालट्रेक्झोन सुरू करण्यापूर्वी विथड्रॉवल पूर्ण व्हावे लागते. त्या गटातील २८ टक्के रुग्णांना हे औषध सुरूच करता आले नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. ज्यांना औषध सुरू करता आले, त्यांच्यात दोन्ही औषधांचे परिणाम जवळपास सारखे होते. तथापि, गटात घेतलेल्या सर्व रुग्णांचा हिशेब केला असता व्यसन उलटण्याचे प्रमाण नालट्रेक्झोन गटात ६५ टक्के, तर दुसऱ्या गटात ५७ टक्के आले. कोणत्याही कल्याणकारी योजनेचे मूल्यमापन करताना केवळ शेवटपर्यंत टिकलेल्या लाभार्थ्यांचे यश मोजू नये. दारातच गळालेल्यांचीही नोंद घ्यावी, हा व्यापक धडा यातून मिळतो.

या तिन्ही अभ्यासांचे सार एकच आहे : रुग्ण उपचारांत किती काळ टिकतो, यावर त्याचे जगणे बव्हंशी अवलंबून असते.

संधी खर्चाचा हिशेब

टिकून राहणे हे केवळ मनोनिग्रहावर ठरत नाही. त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. बंगळुरूचे उदाहरण घेऊ. तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था (निम्हान्स) ही व्यसनोपचारातील देशातील अग्रगण्य संस्था आहे. ती शहराच्या दक्षिण भागात होसूर मार्गावर आहे. मल्लेश्वरम ही जुनी वसाहत वायव्येस आहे. मल्लेश्वरमच्या बाजारात रोजंदारीवर काम करणाऱ्या एका काल्पनिक रुग्णास औषधासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला रोज जावे लागते असे समजू. प्रवास व रांग मिळून तीन तास धरले, तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत ७८ तास खर्ची पडतात. आठ तासांचा दिवस धरल्यास ही जवळपास दहा दिवसांची मजुरी झाली. औषध विनामूल्य असूनही उपचार विनामूल्य नाही. हीच भेट आठवड्यातून एकदा झाली, तर महिन्याचा खर्च दीड दिवसाच्या मजुरीवर येतो.

मग रुग्णास अनेक दिवसांच्या गोळ्या घरी का देऊ नयेत? कारण त्या गोळ्या विरघळवून टोचल्या जाण्याचा किंवा काळ्या बाजारात विकल्या जाण्याचा धोका असतो. नियंत्रण कडक केल्यास रुग्ण गळतात. सैल केल्यास गैरवापर वाढू शकतो. हा समतोल साधण्याचे मार्गही संशोधनानेच दिले आहेत. ब्युप्रेनॉर्फीनसोबत नॅलोक्झोन मिसळल्याने गोळी टोचून घेण्याचे आकर्षण घटते. आठवड्यातून वा महिन्यातून एकदा टोचावयाचे ब्युप्रेनॉर्फीन काही देशांत उपलब्ध झाले आहे. २०२० मधील टाळेबंदीत पंजाबसह देशाच्या काही भागांत स्थिर रुग्णांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्यात आल्या होत्या.

दुसरा मार्ग औषध रुग्णाजवळ नेण्याचा आहे. याबाबत कर्नाटकाकडे जुना अनुभव आहे. निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन मानसिक आजारांवरील उपचार गावपातळीवर नेले. याच प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. व्यसनोपचारासही हे प्रतिमान लागू करता येण्याजोगे आहे.

कायदा व धोरण

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार, वैद्यकीय कारणाखेरीज आरोग्यास घातक अमली पदार्थांच्या सेवनास प्रतिबंध करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावयाचे आहेत. अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा मुख्यतः दंडात्मक कायदा आहे. तथापि, त्याच्या कलम ६४अ अन्वये सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१४ च्या दुरुस्तीने व्यसनींच्या उपचारांसोबत ‘व्यवस्थापन’ हा शब्दही कायद्यात आला. त्यामुळे दीर्घकालीन औषधोपचारास बळकटी मिळाली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला असल्याने अशा रुग्णांनाही उपचारांचा हक्क प्राप्त झाला आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य ३.५ हेही व्यसनांचा प्रतिबंध व उपचार बळकट करण्याविषयीच आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी ‘नशामुक्त भारत अभियान’ प्रथम २७२ जिल्ह्यांत सुरू झाले.

प्रशासकीय अडचण अशी की, पुनर्वसन केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाशी, रुग्णालये आरोग्य विभागाशी, तर सुईवाटे सेवन करणाऱ्यांसाठीची केंद्रे एड्स नियंत्रण यंत्रणेशी जोडलेली आहेत. रुग्ण मात्र एकच असतो. एका केंद्रातून बाहेर पडलेला रुग्ण दुसऱ्या यंत्रणेच्या पाठपुराव्यात आला नाही, तर तो दोन्हींच्या नोंदींतून निसटतो.

समारोप

व्यसनी व्यक्तीवरील उपचाराचा लाभ केवळ तिलाच होत नाही. संसर्ग टळतो, कुटुंबाचे उत्पन्न सावरते, गुन्ह्यांना आळा बसतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे अनुकूल बाह्य परिणाम होत. असे परिणाम असलेली सेवा बाजारावर सोडल्यास तिचा पुरवठा गरजेपेक्षा कमी होतो; म्हणून तिच्यावरील सार्वजनिक खर्च समर्थनीय ठरतो. तो खर्च करताना किती खाटा निर्माण झाल्या किंवा किती रुग्ण दाखल झाले, एवढेच मोजणे पुरेसे नाही. वर्षभरानंतर त्यांपैकी किती जण उपचारांत आहेत, हा निकष लावला पाहिजे. उपचार घराजवळ, कामाच्या वेळा सांभाळून व अपमानाविना मिळाले, तरच या निकषावर योजना उतरतील.