अंबरनाथच्या देवळाचे वय

मुंबईहून कर्जतकडे जाणारी आगगाडी कल्याण सोडून पुढे निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. खिडकीतून पाहावे तो घरांची दाटी, कारखाने आणि माणसांची गर्दी. यांपैकी उल्हासनगर तर अगदी अलीकडचे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव देण्यात आले. अशा नव्या वस्तीच्या शेजारीच एक देवालय शतकानुशतके उभे आहे, हे गाडीतल्या प्रवाशाच्या ध्यानीमनीही नसते.

अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेकडे उतरून काही वेळ चालत गेले की वालधुनी नदीच्या काठी हे शिवमंदिर लागते. ते काळ्या पाषाणाचे आहे. त्याचे तोंड पश्चिमेकडे असून पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंना प्रवेशमंडप आहेत. बाहेरच्या भिंतीवर हाताचा तळवा टेकावा एवढीही जागा कोरीव कामावाचून राहिलेली नाही. तळाशी हत्तींची रांग, तिच्यावर माणसांच्या लहान लहान आकृती, त्यांवर शिवपार्वती, नर्तकी, देवदेवता. उन्हे कलली की त्या आकृतींच्या सावल्या लांब होतात आणि भिंत जणू हलू लागते. आत मात्र अंधार आणि गारवा असतो. सभामंडपातून गाभाऱ्यात जाण्यासाठी सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आणि तेथे पोहोचून वर पाहावे, तर डोक्यावर छप्पर नाही! शिखर अपुरे असल्यामुळे थेट आकाश दिसते. पावसाळ्यात पावसाच्या सरी सरळ गाभाऱ्यात उतरतात. देवाला वेगळा अभिषेक करण्याची गरजच राहत नाही.

हे शिखर अपुरे का? गावातील म्हाताऱ्या माणसांकडे याचे उत्तर तयार असते. पांडव वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत हे देऊळ बांधायला घेतले. शिखर चढवण्याआधीच पहाट झाली आणि काम तसेच राहिले. गोष्ट मोठी गोड आहे. पण महाराष्ट्रात पांडवांच्या नावावर इतकी लेणी आणि इतकी देवळे आहेत की, ती सारी बांधायला वनवासाची बारा वर्षे पुरली असती असे वाटत नाही.

देवळाचे खरे वय देवळानेच सांगून ठेवले आहे. उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर आतल्या बाजूस एक छोटा संस्कृत शिलालेख आहे. त्यात शिलाहार घराण्यातील मामवाणी राजाचे नाव आणि शकाचा आकडा कोरलेला आहे. शिलाहार हे उत्तर कोकणचे राजे. ठाणे हे त्यांच्या राज्यातील प्रमुख नगर. मामवाणीलाच मुम्मुणी असेही म्हणतात. हा लेख वाचण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केला. भाऊ दाजी हे मुंबईतील नामांकित वैद्य. दिवसभर रोग्यांना तपासावे आणि उरलेल्या वेळात जुने ताम्रपट व शिलालेख उलगडीत बसावे, असा त्यांचा क्रम. त्यांनी लेखातील आकडा वाचला तो ७८२. शकाच्या वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे देऊळ इ. स. ८६० चे ठरले.

भाऊ दाजींच्या पदरी भगवानलाल इंद्रजी नावाचे एक तरुण पंडित होते. ते मूळचे जुनागडचे. गावाजवळच्या गिरनार पर्वताच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. त्यावरची अनोळखी अक्षरे पाहून लहानपणीच त्यांना लिपीचा छंद लागला. १८६१ साली भाऊ दाजींनी त्यांना मुंबईस आणले. पुढे भगवानलाल गुरूच्या कामासाठी उभा हिंदुस्थान पायी तुडवीत हिंडले, नेपाळपर्यंत गेले आणि जेथे जेथे कोरीव अक्षर दिसले तेथे त्याची बिनचूक नक्कल करून घेतली. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. परंतु त्यांची विद्वत्ता ओळखून हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने १८८४ साली त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

या भगवानलालांनी अंबरनाथचा लेख पुन्हा वाचला. जुन्या वळणाचे आकडे आजच्या आकड्यांसारखे नसतात. एका रेघेचा बाक चुकला की अर्थ पालटतो. भगवानलालांच्या मते पहिला आकडा सात नसून नऊ होता. म्हणजे शके ७८२ नव्हे, तर शके ९८२, इ. स. १०६०. एका आकड्याने देवळाचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले! ज्यांनी आपल्याला मुंबईस आणले, ज्यांच्या आधाराने आपण विद्या मिळवली, त्यांचेच वाचन चुकले असे जाहीर सांगणे सोपे नव्हे. पण दगडावर जे होते तेच भगवानलालांनी सांगितले, आणि पुढच्या अभ्यासकांनी ते मान्य केले.

हे वाचन खरे कशावरून, असे कोणी विचारील तर त्याचा ताळा शाळेतील मुलालाही करून पाहता येईल. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज. त्याचा एक ताम्रपट मुंबईजवळ भांडुपला सापडला आहे आणि त्यावर शके ९४८ असे वर्ष आहे. धाकटा भाऊ शके ७८२ मध्ये राज्य करतो आणि थोरला शके ९४८ मध्ये, असे कसे होईल? शके ९८२ धरले की सारे नीट जुळते. छित्तराजाने काम आरंभले आणि मुम्मुणीच्या कारकिर्दीत ते तडीस गेले, असे अभ्यासक मानतात.

एवढ्याशा आकड्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. पण वय निश्चित झाले की बाकीच्या गोष्टीही आपापल्या जागी बसतात. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण ते सरसकट हेमाडपंती म्हणतो. अंबरनाथलाही तसेच म्हणणारे पुष्कळ आहेत. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याचा काळ तेरावे शतक. अंबरनाथचे देऊळ तर त्याच्या आधी दोनशे वर्षे उभे राहिलेले. शिखरावर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये लहान लहान शिखरांच्या ओळी, अशी जी या देवळाची घडण आहे, तिला शास्त्रकार भूमिज शैली म्हणतात. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखरही याच शैलीचे आहे.

दगडावर कोरलेल्या आकड्यांवरून काळ ओळखण्याची ही विद्या केवळ आपल्याच देशात उपयोगी पडली असे नाही. पृथ्वीच्या पाठीवर आपल्यापासून फार दूर, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात पेतेन इत्झा नावाचे सरोवर आहे. त्यातील एका बेटावर फ्लोरेस हे छोटेसे गाव वसले असून ते काठाशी रस्त्याने जोडलेले आहे. अंबरनाथला जसे आगगाडीच्या स्थानकावर उतरून देवळाकडे जातात, तसे तेथे प्रवासी या बेटावर मुक्काम करतात आणि साठ-पासष्ट किलोमीटरांवरच्या रानात तिकाल नावाचे प्राचीन शहर पाहायला जातात. तिकाल माया लोकांनी बांधले. तेथील उंच पायऱ्यांची देवळे झाडांच्या शेंड्यांवर डोकी काढून उभी आहेत.

माया लोक ठिपक्याने एक आणि रेघेने पाच दाखवीत, आणि एका ठरावीक दिवसापासून किती दिवस लोटले ते दगडी स्तंभांवर कोरून ठेवीत. त्या मोजणीत दुसऱ्या घरातील एक रेघ अधिकउणी वाचली, तर काळ जवळजवळ शंभर वर्षांनी सरकतो! अंबरनाथच्या सात-नवासारखाच हा प्रकार. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी जपलेल्या एका माया पोथीच्या आधारे एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या ग्रंथपालाने ती मोजणी उलगडली. तिच्यावरून कळते की, तिकालचा एक जुना स्तंभ इ. स. २९२ चा आणि शेवटचा ८६९ चा आहे. त्यानंतर ते शहर ओस पडत गेले. भाऊ दाजींचे वाचन खरे असते, तर अंबरनाथचे देऊळ तिकालच्या शेवटच्या स्तंभाच्या सुमाराचे ठरले असते. खरी गोष्ट अशी की, वालधुनीकाठी पाथरवटांची छिन्नी वाजत होती तेव्हा तिकालवर रान माजू लागून दीडदोनशे वर्षे झाली होती. माया लोक मात्र नाहीसे झाले नाहीत. फ्लोरेसच्या त्याच बेटावर इत्झा या माया लोकांची राजधानी होती आणि ती स्पॅनिश लोकांच्या हाती पडली १६९७ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर तेवीस वर्षांनी. माया भाषा बोलणारे लक्षावधी लोक आजही तेथे आहेत.

अंबरनाथवर रान माजले नाही. पण त्याला दुसरे शत्रू भेटले. मुंबईच्या कलाशाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी १८६८ च्या सुमारास येथे आले आणि त्यांनी देवळाची चित्रे काढली, शिल्पांचे साचे घेतले. माया शहरांतील शिल्पांचे असेच साचे पुढे आल्फ्रेड मॉडस्ले या इंग्रज गृहस्थाने घेतले. मूळ दगड झिजल्यावर त्यावर काय होते हे सांगायला असे साचेच उरतात. अंबरनाथच्या भिंतींवरील कित्येक मूर्तींचे नाकडोळे पावसापाण्याने आता बोथट झाले आहेत. मलंगगडच्या डोंगरांतून येणारी वालधुनी कारखान्यांच्या रसायनमिश्रित पाण्याने काळवंडली आहे. एके काळी देवळाची शोभा असलेली ही नदी आता वासावरून ओळखू येते. देऊळ भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे आणि तेथे नित्य पूजा चालते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी सभामंडपात पाय ठेवायला जागा नसते आणि पायऱ्यांवरची रांग इंचाइंचाने गाभाऱ्याकडे सरकत असते. रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी फारच थोडे जण वर, उत्तरेच्या दाराकडे, मान उचलून पाहतात.